पेशी घर सोडत नाहीत

माझ्या मुलाला, निहारला, पुन्हा न्यूमोनिया झाला, तेव्हा बडोद्यातल्या आमच्या मांजलपूरच्या सोसायटीतल्या घराघरांतून इम्युनिटीचे काढे आले. सासऱ्यांनी, म्हणजे जयवंतरावांनी, निदानही करून टाकलं. त्यांचे आजोबा बडोदे संस्थानात महसूल खात्यात होते, त्यामुळे आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचाच.

"आमच्याकडे कुणी आजारी पडत नाही. हे अंकलेश्वरचं," ते म्हणाले. अंकलेश्वर माझं माहेर.

रक्ताच्या डॉक्टरांनी, मालविकाताईंनी, सगळ्यांना समोर बसवलं. "याच्या पांढऱ्या पेशी हाडांच्या मज्जेत भरपूर तयार होतात, पण रक्तात उतरत नाहीत. त्यांच्या अंगावर सीएक्ससीआर-फोर नावाचा रिसेप्टर असतो. मज्जेतलं केमोकाइन नावाचं एक रसायन त्याला 'इथेच थांब' सांगत असतं. एरवी रिसेप्टर थोड्या वेळाने ऐकणं बंद करतो आणि पेशी बाहेर पडते. निहारचा ऐकतच राहतो, असं वाटतंय."

जयवंतराव खूश झाले. "म्हणजे पेशी खानदानी आहेत. उगाच बाहेर हिंडत नाहीत."

"काका, जंतू आत शिरले तरी हिंडत नाहीत."

निहारच्या जनुकात बदल सापडला होता, पण असा बदल आधी कुणी नोंदवलेला नव्हता. माझ्यात तो नव्हता. म्हणजे वडिलांकडे आणि आजोबांकडे शोधायचा. तिथेही त्रासासकट सापडला, तर खात्रीने औषध सुरू करता येणार होतं.

"या आजारात चामखिळीही येतात. घरात कुणाला खूप आहेत? न जाणाऱ्या?" मालविकाताईंनी विचारलं.

जयवंतरावांचे हात खिशात गेले. माझ्या नवऱ्याने, इंद्रनीलने, हाताची घडी घातली. "छे," दोघे एकदमच म्हणाले. इंद्रनीलची बोटं मी कांदेपोह्यांच्या वेळीच पाहिली होती. स्कूटरच्या क्लचमुळे झालंय, असं तेव्हा मला सांगितलं होतं आणि बी.एस्सी. होऊनही मी ते मानलं होतं.

घरी आल्यावर कारण कळलं. नणंदेचं, अवंतीचं, लग्न फतेगंजच्या विश्रामशी ठरत होतं.

"साखरपुडा होऊन जाऊ दे," जयवंतराव म्हणाले. "मग काढू की रक्त. चार लोकांत बोलणं नको."

"तोवर न्यूमोनियाला काय सांगू? मुहूर्त नाही म्हणून?"

इंद्रनील पंख्याकडे बघत होता. आतल्या खोलीत निहार खोकत होता.

अवंतीने सेव-उसळीची वाटी खाली ठेवली. "वहिनी, माझ्या तळपायांना आहेत. सासरी काय जन्मभर मोजे घालून फिरू?" तिने तिथेच विश्रामला फोन लावला, स्पीकरवर, आणि सगळं सांगितलं.

पलीकडून तो म्हणाला, "एवढंच? आईला वाटत होतं, तुमच्याकडे कुणीतरी तुरुंगात आहे. तू रक्त दे, मी येतो सोबत."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सगळे हजर. जयवंतरावांनी इंद्रनीलला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बाही वर केली.

"माझं आधी घ्या," ते रक्त घेणाऱ्या मुलीला म्हणाले. "मूळ आमच्याकडचं आहे. जगात मोजक्याच घराण्यांत सापडतं हे. अंकलेश्वरला वगैरे नाही."

मी वाद घातला नाही. सुई आत गेली होती.