झोपेचं वय

मेजवानीत मेंढीचं शिजवलेलं डोकं गावातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या पुरुषापुढे ठेवायचं, ही कझाखांची रीत. त्या डोक्यासाठी तुलेगेन म्हाताऱ्याने एक्याऐंशी वर्षं वाट पाहिली होती. त्याच्या पुढचे चौघे तब्येतीला फार जपत. त्यांतला शेवटचा गेल्या हिवाळ्यात गेला, तेव्हा तुलेगेन इतका भरभरून रडला की लोकांना शंका आली.

आणि वसंताच्या मेजवानीला आठच दिवस उरले असताना डोंगरातल्या गुहेतून ओराक खाली उतरला. उंट हरवला होता, शोधता शोधता जरा आडवा झालो, म्हणाला. दाढी गुडघ्यापर्यंत, चेहरा सत्ताविशीचा. "झारचे शिपाई गेले का?" असं त्याने हळूच विचारलं आणि गावाची खात्री पटली. आज्यांच्या गोष्टींत झोपलेला माणूस उठला की असंच काहीतरी विचारतो. साबित मास्तरांनी वय काढलं : एकशे एकतीस.

मेजवानीत दारासमोरची मानाची गादी ओराकला मिळाली. तुलेगेन एक जागा खाली सरकला. त्याची बायको कुलाश परात घेऊन आत आली, तसा तो उसळला.

"या पोराने केलं काय एवढं? घोरला! झोपेची वर्षं वयात धरायची नाहीत. जागेपणीची तेवढी धरा."

"बोलणं रास्त आहे," मास्तर म्हणाले. "पण मग नियम सगळ्यांना सारखा."

"लावा की!"

"मग ह्यांचीही वजा करा," कुलाश म्हणाली. परात तिच्या हातातच होती. "तीस वर्षं मेंढ्या राखल्या, खोगिरावर घोरत. कळपात लांडगा शिरला तेव्हा मी ओरडले, मग घोडा जागा झाला, मग हे. गावाच्या सभांत डोळे उघडे ठेवून झोपायचे. थोरल्याच्या लग्नात तर व्याह्यांनी नाडी बघितली."

"अगं, लोक बसलेत!"

"म्हणूनच सांगतेय. घरात कधी ऐकलंत?"

मास्तर बोटं मोजत होते. "तुलेगेन आजोबा, फार सवलत दिली तरी तुम्ही चौतिशीत येता."

"मग जागेपणाने वडील कोण?" तुलेगेनने विचारलं.

सगळे कुलाशकडे बघत होते. शहात्तर वर्षांची बाई. सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर पाठ टेकणार आणि गाईच्या आधी उठणार.

"बाईला डोकं? कुणी ऐकलंय का असलं?"

"नियम तुमचाच," मास्तर म्हणाले.

ओराकने निमूटपणे गादी सोडली. कुलाशने परात खाली ठेवली, स्वतःच्या झग्याला नव्हे, नवऱ्याच्या नव्या अंगरख्याला हात पुसले आणि गादीवर ऐसपैस बसली. सुरी घेऊन तिने डोक्याचा कान कापला. कान द्यायचा तो लहानाला, म्हणजे मोठ्यांचं ऐकायची सवय लागते.

तिने तो तुलेगेनपुढे धरला. "घ्या. चौतिशीत अजून वळण लागतं."