मला चौथऱ्यावर बसवू नका

मी एक जुना ढकलगाडा आहे. मित्रांनो, नाव गाडा असलं तरी मला चाकं नाहीत. खाली दोन लोखंडी पट्ट्या, त्यांच्यावर एक आडवी तुळई आणि तुळईवर पाच उभ्या गाद्या. मागे कोचला उभं राहायला एक पाट. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन पळणारा वेगळा आणि त्याच्यासाठी समोरच्यांना रेटून वाट काढणारे वेगळे. असे रेटणारे पाच दांडगे गडी माझ्या पाच गाद्यांना खांदे लावतात आणि मला मैदानभर ढकलत नेतात. मी शक्यतो हलत नाही. न हलणं हाच माझा धंदा.

नॉर्थ डकोटातल्या ओस्लुंड गावात, नांगर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात मी जन्मलो. ओस्लुंड कॉलेजच्या तेव्हाच्या कोचने मला मुद्दाम करवून घेतलं. दुकानदाराने मला तयार करून हलवून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, हा काही हलायचा नाही."

"म्हणूनच तर पाहिजे," कोच म्हणाले.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्या मैदानावर काढली. बाप ढकलून गेले, मग त्यांचे मुलगे आले. एखादा मुलगा पहिल्या दिवशी माझ्यावर आदळून मागे पडला की मला मनातून बरं वाटायचं, कारण हिवाळा येईपर्यंत तोच मला रेटणार हे मला ठाऊक असायचं. पुढे कोच बदलले. हलकी, रंगीत, उशीसारखी नवी साधनं आली. मला सामानाच्या खोलीमागे लोटलं गेलं. माझ्याभोवती गुडघाभर गवत वाढलं आणि मधल्या गादीत गांधीलमाश्यांनी पोळं केलं. मित्रांनो, मी रडलो नाही. मी गंजलो. लोखंडाला एवढंच जमतं.

कॉलेज मात्र हरायला लागलं. मी नव्हतो म्हणून हरलं असं मी म्हणणार नाही. पण हरलं. दोन वर्षं ओळीने एकही सामना जिंकला नाही. गावातल्या कॉफीच्या दुकानात लोक मुलांना विचारायचे, "काय रे, या शनिवारी किती गुणांनी मार खाणार?" मुलं कॉलेजचा टी-शर्ट आत घालून वरून साधं जाकीट चढवायला लागली.

अशा वेळी इओसेफा मालेपेआई आले. मूळचे सामोआ बेटांवरचे. मान आणि खांदे यांच्यात सीमारेषाच नाही असा माणूस. आयुष्यभर दुसऱ्या कोचांच्या हाताखाली राबलेले, मुख्य कोच म्हणून पहिल्यांदाच कुठे नेमणूक झालेली, तीही फक्त एका हंगामापुरती. ऑगस्टमध्ये ते सामानाच्या खोलीमागे आले आणि गवतात मी दिसल्यावर थबकले.

"हे इथे कुणी टाकलं?"

"भंगार आहे, कोच. न्यायला येणार आहेत," कुणीतरी म्हणालं.

ते खाली वाकले आणि त्यांनी मधल्या गादीला खांदा लावला. गांधीलमाश्या बाहेर आल्या. एक त्यांच्या कानाला चावली, एक मानेला. त्यांनी खांदा काढला नाही. मीही हललो नाही. शेवटी ते उभे राहिले, कान चोळला आणि हसले.

"हे भंगार न्यायला आले तर त्यांना म्हणावं, आधी मला न्या."

त्यांनी स्वतः माझा गंज खरवडला, नव्या गाद्या शिवून घेतल्या आणि मला मैदानाच्या उत्तरेकडच्या गोलपोस्टमागे आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाच जण माझ्यासमोर उभे केले. मधला गनर ट्वेट, गावाबाहेरच्या बीटच्या शेतावर वाढलेला, कमी बोलणारा. त्याच्या उजवीकडे मार्केल प्रुइट, फ्लोरिडाहून आलेला, आणि झोपेतसुद्धा बोलत असावा असा.

"कोच, आम्ही फुटबॉल खेळायला आलो की नांगरायला?" मार्केल म्हणाला.

"आधी हलवून दाखव. मग तू ठरव."

त्यांनी ढकललं आणि मी जागच्या जागी गोल फिरलो. गनर आणि त्याच्या डावीकडचे दोघे आधी रेटले, ती बाजू पुढे गेली, उजवीकडचे मागे राहिले. मार्केल तोंडावर पडला.

"हा गाडा माझ्यावर खार खाऊन आहे," तोंडातलं गवत थुंकत तो म्हणाला.

"त्याला तुझं नावही माहीत नाही," कोच पाटावर चढत म्हणाले. "त्याला एवढंच कळतं की पाच जण एकत्र आले की नाही. परत."

रोज दुपारी साडेतीनला हेच. खाली वाका, पाचही खांदे एका क्षणी, परत. रविवारी कोचच्या घरी सगळ्यांना जेवण असायचं, मोठ्या पातेल्यात शेवया आणि गोमांस. तिथेही ते मुलांना दाराच्या चौकटीला खांदा लावायला सांगत, असं मार्केल सर्वांना सांगायचा. खरं खोटं मला माहीत नाही.

तरी पहिले सामने हरलेच. मात्र हरण्याचं अंतर कमी होत गेलं आणि माझं गोल फिरणं थांबलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका दुपारी त्या पाच जणांनी मला मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ नेलं. मातीत दोन समांतर चरे उमटले. गनरने मागे वळून ते चरे बघितले आणि बराच वेळ बघत राहिला.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या अध्यक्षा डॉ. ऑस्बी मैदानावर आल्या. बाई वाईट नव्हत्या. आधीच ठरलेलं सांगायला आलेलं माणूस जसं उभं राहतं तशा उभ्या होत्या.

"विश्वस्तांनी निर्णय घेतला आहे," त्या म्हणाल्या. "या हंगामानंतर कॉलेजचा फुटबॉल संघ बंद होईल. ज्यांना दुसऱ्या कॉलेजात जायचं असेल त्यांना आम्ही मदत करू. आणि कोच, मुलं आधीच कमी आहेत, दुखापतींची मला भीती वाटते. राहिलेले सामने सोडून दिले तरी तुम्हाला कुणी दोष देणार नाही."

कोचने मुलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, त्यांचे सामने मी कसे सोडू? त्यांनाच विचारा."

मार्केलनेच तोंड उघडलं. "मॅडम, मी फ्लोरिडाहून आलोय. इथे ऑक्टोबरमध्ये माझ्या नाकातलं पाणी गोठतं. एवढं सोसून सामना सोडून दिला हे आईला सांगायला मी घरी जाऊ शकत नाही. ती मला आत घेणार नाही."

काही मुलं हसली. गनर हसला नाही. "आम्ही खेळू," तो म्हणाला. त्या दिवसभरात त्याच्या तोंडून मला ऐकू आलेले शब्द तेवढेच.

अध्यक्षा गेल्यावर कोच माझ्या पाटावर चढले. "ज्याला जायचंय त्याने जावं. मी मनात धरणार नाही, त्याच्यासाठी फोनही करीन. पण आज जावं, उद्या नको. उद्या इथे जो येईल तो शेवटपर्यंतचा."

दुसऱ्या दिवशी चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू आला नाही. त्याच्या पाठोपाठ आणखीही काही गेले. पण माझ्यासमोरचे पाचही जण आले. माझ्या गाद्यांना खांदे लागले तेव्हा, मित्रांनो, मला कळलं की आज मी थांबणार नाही. रागाला वजन असतं आणि त्या दिवशी पाच जणांचा राग एकाच दिशेला होता.

पुढच्या शनिवारी ते जिंकले. चेंडू फेकणारा नवा मुलगा चांगला नव्हता म्हणून कोचने फेकणंच बंद केलं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असतात. ओस्लुंड दर वेळी तीन-तीन यार्ड रेटून जायचं, कुरूप, संथ, न थांबता. समोरचा संघ चिडायचा. "बैल आहात का?" त्यांच्यातला एक ओरडला. "बैल दमतात," मार्केलने उत्तर दिलं. त्यानंतरचा सामना जिंकले. त्यानंतरचाही. कॉफीच्या दुकानातले लोक आता काही विचारेनासे झाले, आणि शनिवारी मैदानावर दिसू लागले. गावच्या चर्चमधल्या बायका भाजलेल्या बटाट्यांचे ट्रे घेऊन यायच्या. विश्वस्तांचा निर्णय मात्र बदलला नाही. तो बदलावा म्हणून कुणी अर्जही केला नाही. कोच म्हणाले, "आपण भीक मागायला खेळत नाही."

शेवटचा सामना ग्रेस्टोन कॉलेजशी, आमच्याच मैदानावर. ग्रेस्टोन त्या वर्षी कुणाकडूनही हरलं नव्हतं. बर्फ भुरभुरत होता. मी उत्तरेच्या गोलपोस्टमागे होतो आणि शेवटची काही मिनिटं खेळ माझ्याच दिशेने येत होता. एकवीस-चौदा असे आपण मागे. तीन यार्ड, चार यार्ड, दोन यार्ड, आणि घड्याळ संपता संपता ओस्लुंडने चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. त्याचे सहा गुण. एकवीस-वीस.

आता दोन वाटा होत्या. चेंडू लाथाडून एक गुण घ्यायचा, बरोबरी करायची आणि जादा वेळ खेळायचं. किंवा पुन्हा एकदा रेषेपार नेऊन दोन गुण मिळवायचे आणि तिथेच जिंकायचं. नेता आला नाही तर हार.

कोच त्या पाच जणांकडे आले. मला सगळं ऐकू येत होतं.

"काय करायचं?"

"आपल्याकडे बदली गडी उरलेत का, कोच?" गनरने विचारलं.

"नाही."

"मग जादा वेळ त्यांचा आहे. आत्ताची वेळ आपली आहे."

ते रेटायला गेले. खाली वाकले, पाचही खांदे एका क्षणी, आणि ग्रेस्टोनची भिंत मागे सरकली. मी पाहिलं, ती सरकली. चेंडू घेतलेला मुलगा गनरच्या पाठीमागून घुसला, ढीग कोसळला, शिट्टी वाजली. पंचांनी एकेकाला उचलत ढीग उपसला. चेंडू रेषेच्या अलीकडे होता. एक वीत.

ग्रेस्टोनची मुलं नाचली आणि मग, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो, त्यांच्यातला एक येऊन गनरला म्हणाला, "तुमच्याशी पुन्हा खेळायची वेळ येऊ नये." गनरने मान हलवली.

कोचने मुलांना गोळा केलं. आवाज बसला होता. "एक वीत कमी पडली. सोमवारी, साडेतीनला," ते सवयीने म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सोमवार उरलेलाच नाही.

सोमवारी दुपारी ते आपलं सामान न्यायला आले. त्यांना गावातल्या शाळेत काम मिळालं होतं, तिथल्या मुलांना शिकवायचं. शाळेसाठी मला नेऊ द्या, असं त्यांनी कॉलेजला विचारलं होतं. उत्तर नाही असं आलं. कॉलेजने ठरवलं होतं की मला सोनेरी रंग देऊन दरवाजाजवळ सिमेंटच्या चौथऱ्यावर कायमचं बसवायचं, खाली आठवणीची पाटी लावायची. चौथरा बांधूनही झाला होता. मित्रांनो, गवतात गंजताना मला अपमान वाटला नव्हता. सोनेरी रंगाचं ऐकून वाटला.

साडेतीन वाजले आणि कोच माझ्याजवळ आले तेव्हा सगळा संघ तिथे उभा होता. नुसते पाच नव्हे, सगळे.

"संघ बंद झालाय, पोरांनो," कोच म्हणाले.

"एक वीत राहिलीय," मार्केल म्हणाला. "कुठे न्यायचं, कोच?"

कोचने माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर बर्फ घट्ट दाबला गेला होता. ते पाटावर चढले. "शाळेच्या मैदानावर," ते म्हणाले. "खाली वाका."

भर दुपारी, सगळ्या वर्गांच्या खिडक्यांसमोरून आम्ही निघालो. दरवाजाशी डॉ. ऑस्बी कोट न घालताच धावत आल्या.

"मालेपेआई, हा कॉलेजचा आहे."

"हो मॅडम. कॉलेजचीच मुलं नेताहेत."

त्या वाटेत उभ्या राहिल्या. पाच जण थांबले, पण खांदे उचलले नाहीत.

"मॅडम, हवं तर अडवा," मार्केल खालूनच म्हणाला. "पण वाकून अडवा. असं ताठ उभं राहिलं की लागतं."

अध्यक्षांनी त्या सगळ्या तोंडांकडे पाहिलं. थंडीने त्यांचे ओठ थरथरत होते. "मग मी चौथऱ्यावर काय ठेवू?" त्यांनी विचारलं, आणि मला वाटतं त्या खरंच विचारत होत्या.

"काही नको," गनर म्हणाला. "रिकामाच ठेवा. इथे संघ नाही हे लोकांना दिसू दे."

त्या बाजूला झाल्या.

गावच्या मुख्य रस्त्यावरून मी गेलो. दुकानांतून लोक बाहेर आले. पोलिसाच्या गाडीने आमच्यामागे येऊन दिवा लावला. आता अडवतील असं मला वाटलं. पोलिसाने काच खाली करून विचारलं, "कुठे चाललात?"

"सरावाला," कोच पाटावरून म्हणाले.

त्याने काच वर केली. मग गाडी पुढे घेऊन चौकात आडवी लावली आणि बीटचे ट्रक थांबवून धरले.

आता मी शाळेत आहे. गनर बापाची शेती बघतो आणि संध्याकाळी कोचच्या मदतीला येतो. मार्केल फ्लोरिडात स्वतः कोच झालाय. तिथे माझ्यासारखाच एक गाडा त्याने करवून घेतला, असं ऐकतो. कॉलेजच्या दरवाजाजवळचा चौथरा अजून रिकामा आहे.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत, गावात माझ्यासारखं एखादं जुनं, जड, कुरूप काहीतरी कोपऱ्यात पडलेलं असेल. त्याची कीव करू नका. त्याला रंग देऊ नका, हार घालू नका, त्याच्यासमोर भाषण करू नका. गंज खरवडा, तेल द्या आणि त्याला कामाला लावा. मला जपायचं असेल तर माझ्याजवळ या, खाली वाका आणि खांदा लावा. मी हलणार नाही. तुम्ही हलवून दाखवा.