अर्थिंग नसलेला खांब

सोमवारी सकाळी ऑफिसात पहिलं वाक्य बोलताना सुमेधाचा आवाज घोगरा निघायचा. शनिवारी संध्याकाळपासून तो वापरलेलाच नसायचा. आई गेल्यापासून दादरच्या घरात ती एकटी होती. दूधवालासुद्धा पिशवी कडीला अडकवून निघून जाई.

ती पथदिव्यांच्या विभागात इंजिनिअर होती. मोबाइल कंपन्यांना हल्ली रस्त्यावरच्या खांबांवर नेटवर्कचे छोटे बॉक्स बसवायचे असत, त्यांचे अर्ज तिच्याकडे येत. खांब वजन पेलेल का, वीज कुठून घेणार आणि मुख्य म्हणजे अर्थिंग आहे का, हे तपासून ती परवानगी द्यायची. कागदावर सगळं नीट दिसलं तरी खांबापाशी जाऊन स्वतः मोजायची. खांब लोखंडी. आत कुठे वायर सोलली गेली आणि करंटला जमिनीत जायला वाट नसली, तर तो टेकून उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून वाट काढतो.

चिंचपोकळीच्या एका गल्लीत, चाळीसमोरच्या खांबाशी ती कंपनीच्या मयूरला घेऊन गेली. बुडाशी पेव्हर ब्लॉक उचकटायला लावले. खाली अर्थिंगची पट्टी होती, पण तुटलेली. फूटपाथ नवा करताना कुणीतरी कापून टाकली असणार. मीटरवरचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला.

"मॅडम, बाकीचे सगळे खांब ओके आहेत," मयूर म्हणाला. "हा एकच आहे. तुम्ही साइन करा ना, अर्थिंग आम्ही मागाहून टाकतो."

"आधी टाका. मग साइन."

"अहो, खणायची परवानगी आता गणपती होईपर्यंत मिळणार नाही."

"म्हणूनच नाही म्हणतेय. गणपतीत या खांबाला किती लोक टेकतील, विचार करा."

अर्थिंग होईपर्यंत खांबाचा वीजपुरवठाही तिने तोडायला लावला. चाळीच्या दाराशी बसलेला एक म्हातारा हे सगळं ऐकत होता. मयूर गेल्यावर तो उठून आला.

"म्हणजे बॉक्स लागूचो नाय?"

"लागेल काका, पण वेळ लागेल."

तो परत दाराशी जाऊन बसला. दोन-चार दिवसांनी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. नाव दगडू. गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमनकी केली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा निलेश आखातात, दोह्याला एसीच्या कामावर. चाळीतली त्याची खोली तळमजल्यावर मागच्या अंगाला होती, आणि तिथे मोबाइलला रेंज मिळत नव्हती.

"निलेश म्हणता, बाबा, तुमचो फोनच लागना नाय," दगडू सांगत होता. "म्हणून मी संध्याकाळी पुलापाशी जाऊन उभा ऱ्हवतंय. थंय रेंज येता. पण तेव्हा त्याची ड्युटी. तुमची एक सही झाली तर घरात बसान बोलूक मिळात."

"काका, तिथे कुणाला शॉक बसला तर?"

"इतकी वर्षां कोणाक बसलो नाय."

"मला नाही करता येणार."

तो जायला वळला. "तुमचा कोण परगावी नसतला," तो म्हणाला. "तुमका नाय कळाचा."

"माझं कुणीच नाहीये काका, गावात नाही की परगावी नाही." हे आपण बोलून गेलो याचं तिलाच नवल वाटलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर करून पाहिलं.

दगडू ओशाळला. "तसा नाय म्हणूचा होता माका," असं पुटपुटत निघून गेला.

त्यानंतर गल्लीत तिच्या नावाने बरंच काही बोललं गेलं. दिवा बंद, बॉक्स नाही, आणि मॅडम ऐकत नाहीत. तिच्या वरिष्ठांनाही फोन गेले. ती ऐकून घेत राहिली. विसर्जन होऊन मांडव उतरल्यावर खणायची परवानगी आली, खड्डा झाला, अर्थिंगची नवी प्लेट पुरली. सुमेधाने पुन्हा जाऊन मोजलं. आकडा योग्य आला, तशी तिने सही केली. दिवा लागला, बॉक्सही लागला.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी ती त्याच गल्लीत पुढच्या खांबाच्या कामासाठी गेली. दगडूने तिला लांबून हाक मारली.

"मॅडम, तुमचो बॉक्स बरोबर चालना नाय."

तिने आपला मोबाइल पाहिला. रेंज पूर्ण होती. त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेली, तिथेही पूर्ण.

"काय होतंय काका?"

"निलेशचो फोन येना नाय. दिवाळीत पण नाय इलो. बॉक्समध्येच काय तरी असतला. तुमी तपासून सांगा. तुमी खोटा सांगूचा नाय, सगळे म्हणतत."

बॉक्स बिघडलाय, असं म्हणणं फार सोपं होतं. तिच्या ओठांवर ते आलंही. पण ती म्हणाली, "तुमचा नंबर द्या. तुम्ही आत बसा, मी खांबापासून फोन करते."

खांबाशी येऊन बटण दाबताना वाटलं, लागू नये. घंटी लगेच वाजली. पहिल्याच घंटीला त्याने उचलला.

"हॅलो."

"ऐकू येतंय काका?"

"येता." पलीकडे खाट करकरली. "चांगला आयकाक येता. म्हणजे बॉक्स बरो आसा."

"हो."

मग तिनेच म्हटलं, "तुम्हीच लावून बघा ना निलेशला एकदा."

"लावलंय. रोज लावतंय. वाजता. उचलना नाय."

कामगार तिची वाट पाहत होते. तिने त्यांना हातानेच थांबायची खूण केली. फोन ठेवणं तिला जमेना. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता, पंखा घरघरत होता.

"मॅडम, जेवलात काय?"

"नाही अजून. डबा आहे."

"कुळथाची पिठी आसा. भात लावलंय. या, वायच गरम करतंय."

"येते," ती म्हणाली.

डबा घेऊन ती आत गेली. त्याने तिला खुर्ची दिली आणि स्वतः खाली ताट घेऊन बसला, तशी तीही खाली बसली. पिठी तिखट होती. तिने डब्यातली भेंडी त्याच्या ताटात वाढली. निलेशबद्दल तिने विचारलं नाही, त्यानेही विषय काढला नाही. फोन त्याच्या ताटाशेजारी उताणा पडला होता. जेवता जेवता तो अधूनमधून तिकडे बघायचा. मग त्याने पातेलं पुढे ओढलं आणि तिला आणखी भात वाढला.