करदोड्यातली कवडी

"बाई, कापू नोका! सासूनं बांधला हाय तो," असं पुनम म्हणेपर्यंत हर्षाबाईंची कात्री चाललीसुद्धा.

चामोर्शीकडच्या त्या उपकेंद्रात नर्सगिरी करताना हर्षाबाईंचे केस पिकले होते. पण गंडेदोरे दिसले की त्यांचं डोकं अजून फिरायचं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातले ताईत चुलीत गेले होते, आणि तोच बाणा नात दवाखान्यात चालवत होती. पुनमच्या नऊ महिन्यांच्या पोराच्या कमरेला काळा करदोडा होता आणि त्यात, नजर लागू नये म्हणून, पिवळसर कवडी. दोरा रुतून वळ उठला होता. बाईंना तेवढं निमित्त पुरलं.

"समुद्रातल्या गोगलगाईचं घर हाय हे," त्या म्हणाल्या. "तिले सोताचं घर सांभाळता नाई आलं, ते तुह्या पोराले काय सांभाळन?"

पुनम ओशाळून हसली. बाई लस काढायला वळल्या, पुनम झबलं शोधायला पिशवीत वाकली. चटईवरच्या पोराचं रडणं एकदम थांबलं. दोघींनाही आधी बरंच वाटलं.

मग पुनम किंचाळली. पोराचं तोंड उघडं होतं, आवाज नव्हता, ओठ निळे पडत होते. चटईवर नुसता दोरा उरला होता.

हर्षाबाईंनी पोराला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर थापा मारल्या. "निंग रे बाबा, निंग!" काही नाही. उताणं करून छातीवर दोन बोटं दाबली. तरी नाही. पुनम पदर तोंडात कोंबून उभी होती. या हातांनी किती पोरं जगवली, आणि हे एक आपल्या तोऱ्यापायी जाणार, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. पुन्हा पालथं, पुन्हा थापा.

कवडी टक्कन फरशीवर पडली. मग पोरानं असा भोंगा पसरला की बाहेर बसलेल्या बाया दारात जमल्या.

"रडू दे, रडू दे त्याले." पोराच्या छातीला नळी लावून बाईंनी श्वास नीट ऐकला आणि त्या मटकन खाली बसल्या. "चूक माही हाय, पुनम. कापला तं कापला, तिथीच टाकला मी."

पुनमनं पोराला उराशी धरलं. ती शिव्या देईल, उठून जाईल, पुन्हा कधी इकडे फिरकणार नाही, असंच बाईंना वाटत होतं. पोर हुंदके देत शांत झालं. तिनं त्याचं नाक पुसलं आणि त्याचा दंड बाईंपुढे केला.

"सुई राह्यली ना, बाई?"

बाईंनी सिरिंज उचलली आणि परत ठेवली. "थांब जराशी. हात थरथरून राह्यले माहे."

"थांबतो ना," पुनम म्हणाली, आणि त्यांच्यासमोर चटईवर मांडी घालून बसली.