वॉल्टरचा बोजा

शेजारच्या मनोहरनं त्या गुरुवारी घरात इतक्या येरझाऱ्या घातल्या, की गालिच्यात चर पडला. घर तपासायला येणाऱ्याला तो पाइपलाइनचा वाटला असता. दोन हजार सातचा एप्रिल. आमच्या नोव्हाय गावातल्या मोटार कंपन्या माणसं कमी करत होत्या, त्यात मनोहरचीही नोकरी गेली होती. बायको शोभना जानेवारीतच दुसऱ्या राज्यात, हर्नडनला नोकरीवर रुजू झाली होती. तिथंच यालाही काम मिळालं, सोमवारपासून. फक्त घर विकायचं आणि निघायचं. शुक्रवारी सकाळी दहाला क्लोजिंग, म्हणजे खरेदीखताच्या सह्या, आणि गुरुवारी दुपारी घराची कागदपत्रं तपासणाऱ्या टायटल कंपनीच्या बाईचा फोन.

"काका, घरावर बोजा निघाला! सातबाऱ्यावर असतो तसा!" मनोहर माझ्या दारात. "वॉल्टरनं मागचा लाकडी डेक बांधला ना, त्याचा!"

वॉल्टर म्हणजे सुतार. चार वर्षांपूर्वी पायऱ्यांच्या उंचीवरून दोघांचं वाजलं, यानं पैसे अडवले, तेव्हा त्यानं काउंटीच्या कचेरीत बोजा नोंदवला. मग भांडण मिटलं, वॉल्टरनं दोन बशा पोहे खाल्ले आणि बोजा उठवल्याचा कागद सही करून दिला.

"मग तो कागद काउंटीत दिला नाहीस?"

"झेरॉक्स दिली ना! दोनदा. परत पाठवली. म्हणे ओरिजिनल द्या. ओरिजिनल कुणी देतं का, काका?"

ओरिजिनल ठेवला होता देवघरात, गणपतीच्या पाटाखाली. आणि देव पाटासकट शोभनाबरोबर गेले होते हर्नडनला. त्यानं फोन स्पीकरवर टाकला.

"आहे कागद," शोभना म्हणाली. "पण समईचं तेल पिऊन सही पुसलीय. तव्यावर टाकलास तर पापड होईल. वॉल्टरकडून दुसरा घे."

"वॉल्टर गेल्या वर्षीच वारला गं."

मग ती म्हणाली, "मनोहर, हा घेणारा पळाला तर या मंदीत दुसरा मिळायचा नाही. मी इथं एकटीनं अजून किती दिवस काढायचे?"

टायटलच्या बाईनंच वाट सांगितली. नोंदवल्यापासून वर्षभरात दावा लावला नाही, तर बोजा आपोआप मरतो. फक्त मेल्याचा दाखला हवा. कोर्टाच्या क्लार्ककडून 'दावा झालेला नाही' असं सर्टिफिकेट घ्या आणि शेजारच्या इमारतीत नोंदवा. आजच्या आज. खिडकी साडेचारला बंद.

मनोहरनं गाडी अशी हाणली, की मागे लागलेला पोलीस आम्हाला अजून ओहायोत शोधतोय. क्लार्कबाईनं रजिस्टर पाहिलं, दावा नव्हता. सर्टिफिकेट दिलं. त्यावर उठावाचा शिक्का, बोटाला लागणारा. मनोहर त्यावरून बोट फिरवत राहिला.

"काय शिक्का आहे, काका!"

"चल रे बाबा, चार वाजून गेले."

"एक मिनिट. झेरॉक्स काढून घेतो."

दुसऱ्या इमारतीत पोचलो तेव्हा चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. रांगेत मनोहर या पायावरून त्या पायावर. खिडकीशी आलो आणि त्यानं सरळ झेरॉक्स पुढे सरकवली.

"ओरिजिनल, प्लीज," बाई म्हणाली.

"अरे, दे की!" मी ओरडलो.

त्यानं फाइलमधून कागद काढला. बाईनं तिकडचं टोक धरलं. पण यानं इकडचं सोडलं नाही.

"लेट गो, सर. वी विल मेल इट बॅक."

"मेलमध्ये हरवला तर?"

ती ओढतेय, हा ओढतोय. मागे उभ्या गृहस्थाला तेवढ्यात दाढी आली. घड्याळात चार अठ्ठावीस. मनोहरच्या कपाळावर घाम. हात सोड म्हणून मी त्याला चिमटा काढला, बोटं उलगडून पाहिली. हात त्याचं ऐकत नव्हता, मग माझं काय ऐकणार!

शेवटी मी खिशातून चष्म्याची डबी काढली आणि फोनसारखी कानाला लावली. "हो शोभना. हो हो, रडू नकोस. देतो त्याला." आणि डबी त्याच्यापुढे धरली.

दोन्ही हातांनी घेतली त्यानं.

खिडकीपलीकडे धाडकन शिक्का बसला.

"दिला गं, शोभना! ओरिजिनल दिला!" तो डबीत सांगत होता. "उद्या संध्याकाळी निघतो." मग माझ्याकडे वळला. "काका, ही काही बोलत का नाही?"

"खूश झाली असेल," मी म्हटलं.