जाळीवरचा तळहात

मी खिडकीची जाळी बोलतेय. डास अडवणारी, राखाडी, कितीही धुतली तरी मळकीच दिसणारी. माझ्याकडे कुणी बघत नाही. सगळे माझ्यातून पलीकडचं बघतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. डास बाहेर आणि वारा आत, एवढं जमलं की जाळीच्या जन्माचं सार्थक झालं.

कारखान्यातून मी भल्या मोठ्या गुंडाळीत आले. दुकानातून मला मापाने कापून आणलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे शिंपी. अॅल्युमिनियमच्या सरकत्या चौकटीवर ताणून, कडेच्या खाचेत रबराची दोरी दाबत दाबत त्यांनी मला स्वतः बसवलं. पुढे कुठे भोक पडलं तर असं रफू करायचे की भोक होतं कुठे, तेच सापडू नये.

मग त्यांचे पाय गेले. शिलाई मशीन बंद झालं आणि पलंग खिडकीशी आला. त्यांची बायको वाचनालयात कामाला. पाच वाजता ती गल्लीच्या वळणावर दिसायची. पण दिवसा बाहेरून जाळीमागचा माणूस दिसत नाही. म्हणून मास्तर तळहात माझ्यावर दाबून धरायचे. खालून तिला निदान फुगवटा दिसायचा, आणि ती हातातली पिशवी उंच करायची. दोन वर्षं हे रोज चाललं. मी तेवढ्या जागी सैल पडले आणि तळहाताएवढा फुगवटा कायमचा राहिला.

मास्तर गेले. पुढे मुलाने सगळं घर धुऊन काढलं. मलाही चौकटीसकट उतरवलं, घासलं आणि परत लावताना उलटं लावलं. चौकटीला पुढचं-मागचं कळत नाही, मुलालाही कळलं नाही. बापाच्या हातातली कला पोराच्या हातात उतरतेच असं थोडंच आहे! माझी आतली बाजू बाहेर गेली आणि फुगवटा खोलीत आला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता आई, म्हणजे मास्तरांची बायको, वाचनालयातून परतून खोलीत आली आणि जागच्या जागी थिजली. बाहेरून कुणीतरी तळहात दाबून उभं आहे, असंच तिला दिसलं.

"आलात?" ती हळूच म्हणाली.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, मी उलटी बसलेय! पण जाळीला भोकं हजार, तोंड एकही नाही.

तेव्हापासून रोज पाचला ती मला बाजूला सरकवायची आणि खिडकी सताड उघडी ठेवायची. "या," म्हणायची, आणि पलंगावर जागा करून अर्धा तास बसायची. नेमकी डासांची वेळ. त्या ओढाताणीत माझा एक कोपराही फाटला.

शेजारच्या खोलीत तिची सात महिन्यांची नात निजायची. तिला ताप भरला. डासांमुळेच, असं डॉक्टर म्हणाले. चार दिवस पोर सलाईनवर होती. घरी आणल्यावर सुनेला माझा फाटका कोपरा दिसला.

"आई, इथूनच आत येतात मेले! ही जाळी आता बदलायचीच."

 चोर सोडून संन्याशाला फाशी! पण खरं सांगते, मला राग आला नाही, भीती वाटली. कारण त्याही दिवशी पाच वाजता आईचा हात माझ्या कडीकडे गेला. नात नुकतीच झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीवाला आला. मला चौकटीसकट उतरवलं आणि हसला. "ही उलटी कुणी लावली? रबर बाहेरच्या बाजूला गेलंय."

"मीच," मुलगा म्हणाला. "बाबा गेल्यावर घर धुतलं ना, तेव्हा."

आई पलंगाच्या कडेवर बसली.

"म्हणजे तो हात आतूनच होता," ती म्हणाली. "खिडकी मी उघडत होते रे. रोज. मला वाटलं, हे बाहेर उभे आहेत."

"आम्हाला सांगायचं तरी!" सुनेला रडू फुटलं. "पोर थोडक्यात वाचली, आई."

"काय सांगणार होते? तुझे सासरे जाळीशी येऊन थांबलेत, असं?"

मग ती उठली आणि रबराचं टोक धरून तिने ते स्वतःच खाचेतून उपसून काढलं. 

आता त्या खिडकीत नवी जाळी आहे, ताठ ताणलेली. आई ती उघडत नाही. नात बरी आहे. तिचं खिदळणं खालपर्यंत ऐकू येतं. मी जिन्याखालच्या अडगळीत गुंडाळून पडलेय. इथे खिडकी नाही, वाराही नाही.

खिडकीत होते तेव्हा बाहेर कुणी नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण इथे आल्यापासून रोज पाच वाजता माझी गुंडाळी हळूच सैल होते आणि माझ्यावर एक तळहात टेकतो. आधी मला भास वाटला. आता वाटत नाही. तो हात दाबून धरतो, वाट बघतो, आणि कुणीच पिशवी उंच करत नाही.

तुम्ही कधी या जिन्याने गेलात आणि अडगळीत काही हललेलं दिसलं, तर माझी एवढीच विनंती आहे. वर जाऊन तिला सांगू नका. ती पुन्हा खिडकी उघडेल.