दुसरा वाचणारा

त्या दिवशी बाबा दुपारी जेवायला उशिरा आले. अंबाडीची भाजी होती. तेल कमी पडलंय असं ते म्हणाले, तशी आई म्हणाली, "ठाण्यात तेलाचा घाना हाय वाटते तुमच्या. आनाचं मंग येताना."

"आनलं असतं," बाबा म्हणाले, "पन पंचनामा करावा लागते."

आई हसली. मीही हसले. शाळेला दसऱ्याची सुट्टी होती आणि मी ओसरीत पुस्तक घेऊन बसले होते. ऊन अंगणात उतरलं होतं, कापसाच्या पहिल्या गाड्या आदिलाबादच्या बाजाराकडे चालल्या होत्या. आमच्या घरात त्या वेळी कसलीच उणीव नव्हती.

साल छप्पन. गावभर नकाशाच्या गप्पा. पहिल्या नोव्हेंबरला निजामाचं जुनं राज्य तीन ठिकाणी वाटलं जाणार होतं. आमचं आदिलाबाद आंध्रात, किनवट मुंबई राज्यात जाणार. शेजारच्या जयवंताबाईची लेक किनवटला दिलेली. "लेकीच्या घरी जाले आता परराज्यात जावं लागते व माय," असं ती येईल त्याला सांगायची आणि सांगताना तिला जरा मोठं झाल्यासारखं वाटायचं.

बाबा, महिपतराव जमादार, अठ्ठावीस वर्षं पोलिसात होते. शिक्षण उर्दूतलं. ठाण्याची डायरीही ते उर्दूत लिहीत. इंग्रजी कागद आला की तो घरी माझ्याकडे येई. मी नांदेडला राहून शिकले होते, मुलींच्या शाळेत शिकवत होते, मिळेल ते पुस्तक वाचत होते. बाबांनी विचारलं आणि मला सांगता आलं नाही, असं कधी झालं नव्हतं. मी होऊ दिलं नव्हतं.

जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक चेक आणि त्याला टाचलेली बँकेची चिठ्ठी काढली.

प्रकरण साधं होतं. पांडुरंगराव नावाच्या व्यापाऱ्यानं आपलं जुनं तेलाचं इंजीन किनवटकडच्या उद्धवरावांना विकलं. उद्धवरावांना गावात पिठाची गिरणी टाकायची होती. त्यांनी चेक दिला आणि इंजीन बैलगाडीत घालून गावी गेले. चेक बँकेतून परत आला. पांडुरंगरावांनी ठाण्यात चारशेवीसची फिर्याद दिली: फसवलं, आणि पहिल्या तारखेनंतर तो परराज्यातला, हाती लागायचा नाही.

"चेक परत आला म्हनून मानूस चोर होत नाही," बाबा म्हणाले. "खातं होतं का, पैसे होते का, आन् देताना त्याच्या मनात काय होतं, हे तीन पाह्यलं पाह्यजे. पह्यलं तर या चिठ्ठीतच हाय. पाह्य बरं रुखमा, काय लिवलं?"

चिठ्ठीवर कारणाच्या जागी शाईनं एक ओळ खरडलेली होती. मुंग्या चालून गेल्यासारखी. मी ती उजेडात धरली, परत खाली घेतली. एकही शब्द लागेना. बाबा वाट पाहत होते, पेन उघडून.

"खात्यात पैसे नाहीत," मी म्हणाले.

चेक आणखी कशासाठी परत येणार, असं मला वाटलं. बाबांनी ते डायरीत लिहिलं.

"उद्या बँकेत जातो," ते चिठ्ठी पिशवीत ठेवत म्हणाले. "त्या बाबूकडून बी वाचून घेतो."

मला राग आला. "मंग मले काऊन इचारलं? माह्यावर भरवसा नाही का?"

"हाय व माय. पन ठान्याच्या अमीनसायबानं वाचलं असतं तरी दुसऱ्याले दाखवलंच असतं. एका वाचनाऱ्यावर मी कोनाच्या हातात बेडी घालत नाही."

मी पुस्तक उघडलं आणि त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते आईला काहीतरी चिडवत, डायरी घेऊन ठाण्यावर गेले. संध्याकाळी आले, आम्ही जेवलो, तो विषय परत निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा बांधता बांधता ते पायरीवर बसले. आईनं चहा आणेपर्यंत प्राण गेला होता.

तेराव्याला अमीनसाहेब आले. हुद्दा आता सब-इन्स्पेक्टरचा, पण गाव त्यांना अजून अमीनच म्हणत होतं. हैदराबादकडचा हा माणूस बाबांना मानायचा. काही लागलं तर कळवा, असं त्यानं आईला सांगितलं. निघताना मला म्हणाला, "बेटा, जमादारसाब की थैली में एक चेक का कागज है. वो केस में लगाने को होना. परसों दो जवान किनवट भेजतूँ. एक तारीख के बाद वो इलाका हमारा नहीं रहता."

"उद्धवरावांना धरायला?"

"और क्या. जमादारसाब लिख गए ना, खाते में रकम नहीं."

मी म्हटलं, कागद नीट लावून उद्या मी स्वतः ठाण्यात आणून देते. ते बरं म्हणाले.

रात्रभर मला झोप आली नाही असं काही झालं नाही. झोप आली. तेरा दिवसांची दमलेली होते. पण सकाळी डोळे उघडले ते त्या ओळीवरच. एका माणसाला गावातून, नव्या गिरणीपुढून, लोकांदेखत धरून आणणार होते, आणि ते मी वाचलं होतं म्हणून. मी तर वाचलंच नव्हतं.

बँक उघडली तेव्हा मी दारात होते. कारकून तेलुगू, चष्म्याचा, माझ्याच वयाचा. मी चिठ्ठी पुढे केली.

"हे तुमचंच अक्षर का?"

त्यानं ती पाहिली आणि ओशाळला. "मेरीच है अम्मा. मॅनेजरसाब भी रोज गाली देते इस पर."

"काय लिहिलंय?"

"दस्तखत नहीं मिलती, बोलके लिखा." त्यानं चेकवरच्या सहीवर बोट ठेवलं. "इनकी दस्तखत हमारे पास पुराने जमाने की है, उर्दू में. चेक पे मराठी में कर दिए. आजकल बहुत लोगाँ ऐसा कर रहे. बदल गया ना सब."

"आणि पैसे?"

"वो पुलिस पूछेगी तो बताऊँगा. लेकिन पैसे नहीं रहते तो मैं दस्तखत क्यों लिखता?"

चिठ्ठी घेऊन मी बँकेच्या पायऱ्या उतरले. मला बरं वाटत होतं. बाबा आले असते तर हेच दोन प्रश्न विचारून, त्या पोराच्या अक्षराची थट्टा करून, हसत घरी आले असते. मला काही बोलले नसते.

ठाण्यात अमीनसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि बँकेत एक शिपाई पाठवला. तो उत्तर घेऊन आला: त्या तारखेला खात्यात इंजिनाच्या किमतीहून जास्त रक्कम होती. अमीनसाहेबांनी किनवटला जाणाऱ्या जवानांचा हुकूम बाजूला काढला. मग बाबांची डायरी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"हुकूम रद्द करने को वजह लिखनी पड़ती बेटा. इनका लिखा काटना है." त्यांनी ती उर्दू ओळ मला वाचून दाखवली: बँकेच्या चिठ्ठीप्रमाणे खात्यात रक्कम नाही, दुसऱ्याकडून खात्री करणं बाकी. वाचणाऱ्याचं नाव नव्हतं. पुढेमागे मला कोर्टात बोलावतील म्हणून बाबांनी ते लिहिलंच नसणार.

अमीनसाहेब हळू आवाजात म्हणाले, "लिख देतूँ, मरहूम से पढ़ने में चूक हुई. उनको अंग्रेजी आती नहीं थी, सबको मालूम है. किसी का कुछ नहीं बिगड़ता."

त्यांनी टाक शाईत बुडवला. बाकावरचे दोन शिपाई माझ्याकडे पाहत होते. बाबांच्या हाताखालचे होते दोघं.

"थांबा साहेब," मी म्हणाले. अमीनसाहेबांना मराठी नीट कळत होतं. तरीही मी सावकाश बोलले, शिपायांनाही ऐकू जाईल असं. "बाबांनी चुकीचं वाचलं नाही. वाचून मी दिलं. रुक्मिणी महिपतराव, असं नाव लिहा. मला ते अक्षर लागलं नव्हतं. मला येत नाही, एवढं मी त्यांना कधीच म्हणाले नाही. मला येत नव्हतं."